खारटपणाची नोंद

फर्मागुडीच्या चढावर, कॉलेजच्या जुन्या स्टोअररूममध्ये
आम्ही भात लावलं मातीशिवाय.
चार इंची पीव्हीसी, फोंड्याच्या हार्डवेअरमधून, उधारीवर;
भोकं पाडताना वल्लभचा हात सरकला
म्हणून दुसऱ्या नळीचं सातवं भोक लंबगोल आहे
आणि तिथलंच रोप, का कोण जाणे, सगळ्यांत उंच.

बियाणं कोरगुटचं. चोडणहून इवेटनं आणलेलं
बिस्किटांच्या डब्यात, वर चिठ्ठी: परत द्यायचं, दुप्पट.
प्रश्न एका ओळीचा होता:
हे भात किती मीठ सोसतं,
आणि कुठल्या दिवशी नको म्हणतं?

त्यासाठी तीन टाक्या, पाच सेन्सर,
मासे पाळणाऱ्यांचा पंप, वीज मिळाली की उघडणारी झडप,
आणि वल्लभचा साडेचारशे ओळींचा प्रोग्राम,
ज्यात मध्येच एके ठिकाणी त्यानं लिहून ठेवलंय:
हे का चालतं ठाऊक नाही, हात लावू नका.

आम्ल संपलं जुलैत. पैसे अडकले कुणाच्या तरी सहीत.
रुझारनं घरून माडाचं विनेगर आणलं,
थेंब मोजत ओतलं. पीएच आला साडेपाचावर,
आणि आठवडाभर त्या पांढऱ्या मुळांना
लग्नाच्या आदल्या रात्रीच्या रांधपाचा वास.

इवेटचा तीव काजितान एकदा बघायला आला.
खाजनाच्या बांधावर मानस राखतो तो:
लाकडी दारं, भरतीच्या रेट्यानं मिटणारी,
ओहोटीला आपली आपण उघडणारी.
तो वाकला. टाकीत बोट बुडवलं, जिभेला लावलं.
आम्ही स्क्रीनकडे पाहिलं: सहा पूर्णांक एक.
तो काहीच बोलला नाही.
मग झडपेकडे हनुवटी करून,
‘रातचें हें कोण उगडटा?’
‘आपोआप उघडतं,’ वल्लभ म्हणाला, जरा ऐटीत.
‘आमचेंय आपशींच उगडटा,’ तीव म्हणाला,
‘पूण थंय कोण तरी न्हिदता.’

हसलो आम्ही. चहा पाजला.
फेरीबोटीची वेळ बघत तो निघून गेला.

त्यानंतर नवव्या रात्री एक बेडूक
पाण्यावरच्या तरंगत्या गोळ्यावर चढून बसला.
गोळा बुडाला. टाकी तीनला वाटलं, आपण रिकामी.
पंपानं गोडं पाणी भरलं. पुन्हा भरलं.
पहाटेपर्यंत निष्ठेनं भरत राहिला.
प्रोग्राममध्ये काहीच चुकलं नव्हतं.
खालच्या मजल्यावर हिशेबखात्याच्या फायली फुगल्या,
मीठ उतरत उतरत शून्यापाशी आलं,
आमचे तीन आठवडे जिन्यावरून वाहून गेले,
आणि रोपं मात्र टवटवीत,
सुटी जाहीर झाल्यासारखी.

पुन्हा बियाणं मागितलं. चिठ्ठी आली: आता तिप्पट.

तेव्हापासून नोंदवहीत एक रकाना वाढला आहे,
रात्री कोण होतं.
सोमवार रुझार, मंगळवार इवेट,
गुरुवार मी; चटई, बॅटरी,
डासांची कॉइल नाही, कारण धुराचं रोपांना काय होतं
ते आम्ही अजून तपासलेलं नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी झडप टक्‌ करते.
हल्ली मला त्याच्या जराशी आधी जाग येते.
चाळीसपैकी एकोणतीस रोपांची टोकं करपली आहेत.
लंबगोल भोकातलं, ह्या खेपेचंही, उभं आहे.
आज मी बोट बुडवलं, जिभेला लावलं.
खारट. किती, ते मला सांगता येईना.
स्क्रीन सांगत होती: आठ पूर्णांक चार.
चवीला रकाना नाही, म्हणून समासात लिहिलं,
‘घामापेक्षा जास्त, समुद्रापेक्षा’
आणि खोडलं, कारण वाक्य शास्त्रीय नव्हतं.

मग लाईट गेली.
स्क्रीन गेली, पंपाची घरघर गेली,
बाहेरचे बेडूक एकदम जवळ आले.
मुळं कोरडी पडायला पंचवीस मिनिटं लागतात.
तांब्या कुठे ठेवलाय
ते मला अंधारात माहीत आहे.